एकट्याने चालवायची छोटी रेल्वे : पहिला लेआउट कसा निवडावा?



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या नागपुरात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. आई-बाबा कामावर, आजी दुपारी आडवी झालेली, आणि खेळायला भावंड असेलच असं नाही. अशा वेळी कोणी वाढदिवसाला, कोणी निकालाचं बक्षीस म्हणून विजेवर चालणारी आगगाडी घरी आणतं. पहिल्या दिवशी सगळं घर भोवती बसतं. दुसऱ्या दिवशी शेजारची पोरं येतात. आठ-पंधरा दिवसांनी गाडी खोक्यात जाते आणि खोकं माळ्यावर.

मग आपण म्हणतो, "याला कशातच गोडी नाही." पण एकदा त्या गाडीकडे मुलाच्या नजरेने बघा. बटण दाबलं की गाडी गोल फिरते. पुन्हा फिरते. पुन्हा फिरते. मुलाने करायचं काय, तर बघत बसायचं. म्हणजे दोष मुलाचाही नाही आणि गाडीचाही नाही. रुळांची मांडणी अशी निवडली गेली की चालवणाऱ्याला काही कामच उरलं नाही.

आज आपण हीच निवड समजून घेऊ. छोट्या रेल्वेचा पहिला लेआउट, तोही एकट्या मुलाने किंवा एकट्या मोठ्या माणसाने चालवायचा, कसा असावा? लेआउट म्हणजे फळीवर पक्के बसवलेले रूळ, सांधे, स्टेशन, मालधक्का ही सगळी मांडणी. आणि सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जागा, ज्याला इंग्रजीत 'पॉइंट' म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचं सोपं आहे.

आधी हात मोजा, मग जागा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "जागा किती आहे?" दुसरा येतो, "बजेट किती?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा : "चालवणारे हात किती?"

पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे अनेक गाड्या, सिग्नल, पूल, दिवे असा मोठा देखावा एकाच वेळी चालतो. पाहून मुलं हरखून जातात आणि घरी आल्यावर "आपणही असंच करू" म्हणतात. मुलांना तिथे जरूर न्या. पण एक गोष्ट समजावून सांगा. तो देखावा प्रेक्षकांनी बघण्यासाठी आहे, आणि इतक्या गाड्या सांभाळायला मागे यंत्रणा लागते. घरी एकटं मूल एका वेळी एकच गाडी नीट चालवू शकतं. दोन गाड्या सुरू केल्या की एकीकडे लक्ष दिलं तर दुसरी कुठेतरी धडकते. म्हणून पहिल्या लेआउटचं सूत्र सोपं ठेवू : एक माणूस, एक कंट्रोलर, एक इंजिन.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण : शकुंतला

"एकच गाडी? मग त्यात मजा काय?" असं कुणी विचारलं तर त्याला शकुंतलेची गोष्ट सांगा.

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरचं स्टेशन. तिथून एक नॅरोगेज फाटा यवतमाळला जायचा, सुमारे ११३ किलोमीटर, आणि दुसरा अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणायला इंग्रजी अमदानीत ही लाइन टाकली गेली. या रेल्वेची मालकी खासगी कंपनीकडे होती आणि देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ती कंपनीकडेच राहिली, म्हणून ती सगळीकडे गाजली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ ते १९९४ अशी सत्तर वर्षं ही गाडी ओढत होतं. नंतर डिझेल आलं. आता ती नॅरोगेज गाडी धावत नाही.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. या लाइनवर गाड्यांची गर्दी नव्हती. शेवटच्या काळात तर मोजकीच माणसं सगळं काम करत. तिकीट देणारा तोच, सिग्नलचं बघणारा तोच, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायला हात लावणाराही तोच. गाडी एक, माणसं मोजकी, आणि काम दिवसभर पुरेल एवढं. एकट्याने चालवायच्या छोट्या रेल्वेला याहून चांगला नमुना कुठे शोधायचा?

रेल्वेच्या कारभारात 'वन ट्रेन ओन्ली' नावाची एक अधिकृत पद्धतच आहे. त्या तुकड्यावर एका वेळी एकच गाडी असणार, हा तिचा नियम. समोरून दुसरी गाडी येण्याचा प्रश्नच नाही. घरच्या फळीवर आपण हीच पद्धत वापरणार आहोत.

मांडणीचे तीन प्रकार

पहिला प्रकार गोल किंवा लांबट वर्तुळ. आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवर हे बसतं. फायदा असा की गाडी न थांबता धावते. लहान मुलांना, साधारण पाच-सहा वर्षांच्या, हे आवडतं. तोटा वर सांगितलाच. एक फेरी मिनिटाभरात संपते आणि चालवणारा नुसता बघ्या होतो.

दुसरा प्रकार टोक ते टोक. एका टोकाला मूर्तिजापूर, दुसऱ्या टोकाला यवतमाळ. गाडी निघते, पोचते, इंजिन सुटतं, दुसऱ्या बाजूला जोडलं जातं आणि गाडी परत येते. खऱ्या रेल्वेच्या हे सगळ्यात जवळचं. पण दोन स्टेशनं आणि मधला रस्ता म्हणजे लांब जागा हवी. जागा कमी पडली तर गाडी निघण्याआधीच पोचते.

तिसरा प्रकार शंटिंगचा. इथे प्रवास जवळजवळ नसतोच. एक छोटं मालयार्ड, तीन सायडिंग, एक इंजिन आणि काही वॅगन. दिलेल्या क्रमाने वॅगन लावून मालगाडी तयार करायची, हे काम. जागा सगळ्यात कमी, डोकं सगळ्यात जास्त लागतं.

एकट्याने चालवणाऱ्या नवशिक्याला, वय आठ-नऊच्या पुढे असेल तर, मी तिसरा प्रकार सुचवेन. कारण साधं आहे. वर्तुळात वेळ धावण्यात जातो, शंटिंगमध्ये वेळ विचार करण्यात जातो. आणि मूल मध्येच पाणी प्यायला उठलं तरी काही बिघडत नाही, गाडी जिथे आहे तिथेच थांबलेली असते.

तीन सायडिंगचं कोडं

ब्रिटनमधल्या ॲलन राईट यांनी ही मांडणी लोकप्रिय केली. 'इंगलनूक' या नावाने ती जगभर ओळखली जाते. नाव अवघड वाटलं तरी मांडणी सोपी आहे. फक्त दोन सांधे लागतात.

एका बाजूला एक आखूड रूळ, त्यावर इंजिन आणि जास्तीत जास्त तीन वॅगन मावतात. याला आपण 'शेपूट' म्हणू. शेपटापुढे पहिला सांधा, त्यातून एक सायडिंग फुटते. थोडं पुढे दुसरा सांधा, तिथून आणखी दोन. अशा तीन सायडिंग झाल्या. सगळ्यात लांब सायडिंगवर पाच वॅगन मावतात, बाकीच्या दोन्हींवर तीन-तीन. वॅगन एकूण आठ.

खेळ असा : आठ वॅगनच्या आठ चिठ्ठ्या करा. डोळे मिटून पाच उचला. ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने पाच वॅगनची गाडी लांब सायडिंगवर उभी करायची. वॅगन हाताने उचलायची नाही. जे काही करायचं ते इंजिनाने ओढून किंवा ढकलून.

ऐकायला सोपं वाटतं ना? आता अडचण बघा. समजा लांब सायडिंगवर पाच वॅगन उभ्या आहेत आणि इंजिनाकडून चौथी हवी आहे. पुढच्या तीन काढल्याशिवाय ती निघत नाही. शेपटावर तर तीनच मावतात. म्हणजे आधी त्या तीन दुसऱ्या रिकाम्या सायडिंगवर नेऊन ठेवायच्या आणि मग चौथीसाठी परत यायचं. स्वयंपाकघरातल्या ताटांच्या चळतीसारखं आहे हे. सगळ्यात वर ठेवलेलं ताट आधी निघतं, खालचं हवं असेल तर वरची उतरवावी लागतात. संगणकशास्त्रात हीच कल्पना 'स्टॅक' म्हणून शिकवतात. आपलं मूल ती बोटांनी शिकतं.

गणिताच्या शिक्षकांसाठी इथे तयार धडा आहे. आठातून पाच वॅगन क्रम धरून किती प्रकारे निवडता येतील? पहिल्या जागेसाठी ८ पर्याय, दुसऱ्यासाठी ७, मग ६, ५, ४. गुणाकार करा : ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६७२०. क्रम सोडून दिला तर नुसत्या निवडी ५६, आणि प्रत्येक निवडीचे क्रम १२०. ५६ × १२० = ६७२०, ताळा जुळला. रोज एक कोडं सोडवलं तरी अठरा वर्षांहून जास्त पुरेल. दोन सांध्यांच्या एवढ्याशा फळीवर!

विकत घेण्याआधी काडेपेट्या

पालकांना माझी एक विनंती आहे. पैसे खर्च करण्याआधी हा खेळ काडेपेट्यांवर खेळून बघा. मोठ्या कार्डशीटवर स्केचपेनने तीन सायडिंग आणि शेपूट आखा. आठ रिकाम्या काडेपेट्यांवर १ ते ८ आकडे लिहा. एक खोडरबर झालं इंजिन. नियम तेच : इंजिन नेहमी शेपटाच्या बाजूला, शेपटावर तीनच पेट्या, उचलायचं नाही.

आठवडाभर खेळू द्या. मूल रोज स्वतःहून कार्डशीट पसरत असेल तर लेआउट घ्यायला हरकत नाही. दोन दिवसांत कंटाळलं तर कदाचित त्याला धावती गाडी हवी आहे, मग वर्तुळाचा विचार करा. किंवा त्याला रेल्वे नकोच असेल, चित्रकला हवी असेल. हे कळायला खर्च किती आला? एका कार्डशीटचा. वर्गात तर चार-चारच्या गटात हा खेळ एका तासात होतो.

माप कोणतं घ्यावं?

छोट्या रेल्वेची मापं ठरलेली असतात. 'एचओ' म्हणजे खऱ्या वस्तूच्या १/८७, 'एन' म्हणजे १/१६०. एचओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, एनच्या रुळांमधलं ९ मिलिमीटर.

इथे मुलांकडून एक भागाकार करून घ्या. नागपूर मेट्रोचं गेज १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, उत्तर जवळजवळ १६.५. म्हणजे एचओचा रूळ मेट्रोला अगदी बरोबर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, भागल्यावर १९ च्या थोडं वर. म्हणून दुकानातल्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेजचं इंजिन ठेवलं की रूळ किंचित अरुंद दिसतात. आणि शकुंतलेची नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, ८७ ने भागल्यास ८.७६. म्हणजे एनचा ९ मिलिमीटरचा रूळ! जगभरातले छंदी लोक नॅरोगेजचे लेआउट असेच करतात, गाडी १/८७ मापाची आणि रूळ एनचे.

नवशिक्याने मात्र सुरुवातीला या फंदात पडू नये. लहान हातांना एचओ बरं पडतं. वॅगन रुळावर ठेवणं, कडी सोडवणं जमतं. आखूड, चार चाकांच्या वॅगन घेतल्या तर तीन सायडिंगची मांडणी साधारण साडेचार-पाच फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर बसते. पुस्तकाच्या कपाटाच्या एका कप्प्याएवढी जागा झाली. घर फारच लहान असेल तर एन घ्या, फळी तीन फुटांच्या आसपास येईल. पण मूल दहा-बारा वर्षांचं तरी असू द्या, सामान फार बारीक असतं.

रुंदीबद्दल एक नियम पक्का ठेवा. भिंतीला लागून असलेली फळी मुलाच्या हाताच्या लांबीपेक्षा रुंद नको. दोन फूट म्हणजे डोक्यावरून पाणी. मागच्या रुळावर वॅगन घसरली आणि हात पोचला नाही तर मूल खुर्चीवर चढणार, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको.

काय टाळावं?

नागपूरकराला पहिला मोह होतो तो डायमंड क्रॉसिंगचा. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग आपल्या गावात एकमेकांना छेदतात, याचा आपल्याला अभिमान आहे. पण छेदणारे रूळ म्हणजे दोन दिशांच्या गाड्या, आणि दोन गाड्या म्हणजे दोन माणसं. पहिल्या लेआउटवर ते नको.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी फिरून त्याच रुळावर उलटी परत येते असा फुग्यासारखा फास. दिसतो सोपा, पण दोन रुळांतून वीज जाते त्यात एक धन आणि एक ऋण. फास घेऊन परत आल्यावर डावा रूळ उजव्याला मिळतो आणि शॉर्टसर्किट होतं. त्यावर उपाय आहेत, पण ते दुसऱ्या वर्षाचे.

तिसरी गोष्ट म्हणजे सांध्यांची हौस. प्रत्येक सांधा ही वॅगन घसरण्याची आणि धूळ साचण्याची एक जागा असते. दोन-तीन पुरेत. विजेवर चालणारे सांधे नकोत, हाताने सरकवायचे घ्या. मूल स्वतः सांधेवाला झालं पाहिजे. तसंच सुरुवातीला साधा डीसी कंट्रोलर बास. एकच इंजिन असताना डिजिटल यंत्रणेवर, म्हणजे डीसीसीवर, खर्च करण्यात अर्थ नाही.

नागपूरचं ऊन, पावसाळा आणि धूळ

आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटेला दहा अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात पंचेचाळीस. हा पस्तीस अंशांचा फरक धातूच्या रुळाला जाणवतो. एका मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर वाढ होते. म्हणून उन्हाळ्यात रूळ बसवत असाल तर जोड भिडवले तरी चालतील, पण थंडीत बसवत असाल तर जोडात कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी फट ठेवा. खऱ्या रेल्वेतही रुळांच्या जोडांत फट ठेवत, हे मुलांना भौतिकशास्त्रात शिकवतोच, इथे दाखवता येतं.

पावसाळ्यात प्लाय फुगतो. फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा हात द्या, खाली दोन आडव्या पट्ट्या मारा. कूलरच्या समोर लेआउट ठेवू नका, दमट हवा थेट रुळांवर येते. धुळीसाठी जुनी सुती चादर झाकायला ठेवा. आठवड्यातून एकदा रूळ सुक्या कापडाने पुसले की इंजिन अडखळत नाही.

सुरक्षेचं एवढंच : कंट्रोलर चांगल्या कंपनीचा, तयार घ्या. रुळांवर साधारण १२ व्होल्ट असतात, पण प्लगमध्ये २३० असतात. प्लगच्या बाजूचं काम मोठ्या माणसानेच करावं.

मूल एकटं, पण कामं चार

आता शकुंतलेकडे परत येऊ. तिथली माणसं जशी सगळी कामं आलटून पालटून करत, तसं मुलाला करू द्या. एक वही घ्या. वर तारीख. मग स्टेशनमास्तर म्हणून चिठ्ठ्या काढायच्या आणि गाडीचा क्रम लिहायचा. सांधेवाला म्हणून सांधे लावायचे. ड्रायव्हर म्हणून इंजिन चालवायचं, सावकाश. गार्ड म्हणून शेवटी वॅगन तपासून सही करायची. किती वेळा पुढे-मागे करावं लागलं तोही आकडा लिहायचा. उद्या तेच कोडं कमी फेऱ्यांत सुटतं का, हे बघायची ओढ त्यातून लागते.

वॅगनना आपल्या भागातला माल द्या. कापसाच्या गाठी, संत्री, कोळसा, मँगनीज, तूर, सागवान. "आज संत्र्याची वॅगन इंजिनाला लागून का लावायची?" असं विचारा, मूल कारण स्वतः शोधेल. भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही. आणि जमलं तर एकदा मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय दाखवून आणा. ते २००२ पासून आहे. नागपूर-छिंदवाडा आणि नागपूर-नागभीडच्या छोट्या गाड्या ब्रॉडगेजसाठी बंद झाल्या, आजच्या मुलांनी त्या पाहिलेल्या नाहीत. तिथलं इंजिन पाहिलं की फळीवरच्या इंजिनाला अर्थ येतो.

वर्षभराने मूल याच फळीच्या शेपटाला दुसरी फळी जोडायचं म्हणेल. मग टोक ते टोक मांडणी होईल, दुसरं स्टेशन येईल. म्हणून पहिल्या फळीची शेपटाकडची बाजू भिंतीत दाबून टाकू नका, थोडी जागा मोकळी राहू द्या.

पालकहो, मूल तासभर एकटं बसलं की आपल्याला काळजी वाटते आणि आपण हातात मोबाईल देतो. पण वॅगन क्रमांक तीन कुठे ठेवावी या विचारात बसलेलं मूल एकटं असलं तरी एकाकी नसतं. त्याच्या हाताला काम आहे आणि डोक्यात पुढची चाल आहे. तेवढं काम पुरवेल असाच लेआउट निवडा. सुरुवात आज संध्याकाळी काडेपेट्यांनी करा. वर्गात किंवा घरी खेळून बघितलंत की सगळ्यात कमी किती फेऱ्यांत गाडी लागली, ते मुलांच्या वहीत नक्की लिहून ठेवायला सांगा.